पाचशे, आणि वर

बुधवार, १७ एप्रिल २०१९, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. तिसरीच्या वर्गात मुले अठ्ठावीस, मागच्या बाकांवर पाहुणे अकरा.

केरिमकुल अगायांनी खडू हातात घेण्यापूर्वीच ही मोजणी मनात केली होती. ती त्यांची तरुणपणापासूनची सवय. बांधकामाच्या तंत्रनिकेतनात शिकलेला हा माणूस नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या या गावात पूल बांधायला म्हणून आला, आणि चौतीस वर्षे मुलांना गणित शिकवत राहिला. लहानथोर सगळे त्यांना अगाय, म्हणजे गुरुजी, अशीच हाक मारत. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. हा त्यांचा शेवटचा खुला तास. जिल्ह्याची माणसे तो पाहणार होती, आणि पसंत पडला तर नमुना म्हणून छापून साऱ्या शाळांना धाडणार होती.

विषय होता बेरीज-वजाबाकीच्या उत्तराचा अंदाज. नियम सोपा होता. प्रत्येक संख्या जवळच्या शंभरावर न्यायची, मग मिळवायची किंवा वजा करायची. उदाहरण मांडून सोडवायचे ते त्यानंतर. अगायांनी पुठ्ठा कापून प्रत्येक मुलासाठी एकेक पंखा केला होता. त्यात शंभरपासून नऊशेपर्यंत नऊ पट्ट्या. मुलाने अंदाज करायचा आणि ती पट्टी वर धरायची.

ठरवलेली उदाहरणे सुरळीत पार पडली. चारशे बारा अधिक दोनशे एकोणनव्वद म्हणताच सातशेच्या अठ्ठावीस पट्ट्या वर आल्या. तेव्हा जिल्ह्याहून आलेल्या बाई हसून म्हणाल्या, "अगाय, आता एक माझ्याकडून. तीनशे अठ्ठेचाळीस अधिक दोनशे सत्तेचाळीस."

हे उदाहरण सरावातले नव्हते.

एकच पट्टी लगेच वर आली. दुसऱ्या रांगेतल्या जिपारची. पाचशे. बाकीच्या सत्तावीस माना खाली गेल्या होत्या. बाकांखाली बोटे चालत होती, ओठ हलत होते. चाळीसेक सेकंदांनी सत्तावीस पट्ट्या एकदम वर आल्या. सहाशे.

"आणि नेमके उत्तर?" बाईंनी विचारले.

"पाचशे पंच्याण्णव!" वर्ग ओरडला.

"वा! सहाशेच्या किती जवळ!"

अगायांना त्याच क्षणी सगळे कळले. तीनशे अठ्ठेचाळीसचे तीनशे, दोनशे सत्तेचाळीसचे दोनशे; नियमाने पाचशेच येतात. सहाशे येण्याचा मार्ग एकच होता. आधी चोरून बेरीज करायची आणि मग तिला अंदाजाचा अंगरखा चढवायचा.

"अगाय, पण वर..." जिपार उभी राहून म्हणू लागली.

"घाई केलीस, जिपार. बस खाली."

"पाचशे म्हणे!" मागून एल्दोस कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "पंच्याण्णव मेंढ्या लांडग्यानं नेल्या की काय गं?"

वर्ग हसला. पाहुणेही हसले. त्या हसण्यात आपलाही आवाज होता, हे अगायांना नंतर आठवले आणि त्यांचे कान तापले.

चहा झाल्यावर उपमुख्याध्यापिका रखिमा यांनी तासाचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. "काय थाटात तास घेतलात, अगाय! आता शाळेपुढे तुमचा पुतळाच तेवढा उभारायचा राहिला. शुक्रवारी दुपारपर्यंत सही करा, म्हणजे कागद छापायला जातील."

अहवालातली चौथी ओळ अशी होती: अंदाज : २८ पैकी २७ बरोबर.

अगायांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. चष्मा घरी राहिला, असे ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ते रिकाम्या वर्गात अठ्ठावीस वह्या घेऊन बसले. खिडकीपाशी नेऊन एकेक पान त्यांनी उजेडात तिरपे धरले. प्रत्येक अंदाजाच्या शेजारी रबराने खोडलेल्या आकड्यांची खोबण दिसत होती. सहाशे बेचाळीस वजा तीनशे अठ्ठावन्न या उदाहरणाचा अंदाज नियमाने दोनशे येतो. सत्तावीस वह्यांत तीनशे लिहिले होते, कारण नेमके उत्तर दोनशे चौऱ्याऐंशी आहे. आणि सत्तावीसही तीनशांवर अगायांच्याच हातची लाल बरोबरची खूण होती.

जिपारच्या वहीत दोनशे होते. त्यावर लाल फुली. जानेवारीपासूनच्या फुल्या त्यांनी मोजल्या. नऊ भरल्या. नेमक्या उत्तराशी अंदाज जुळला नाही की फुली, अशा खुणा करत त्यांची लाल शाई संपत आली होती. मुलांनी त्यातून जे शिकायचे तेच शिकून घेतले होते.

तंत्रनिकेतनात त्यांना सरकपट्टीवर, म्हणजे सरकत्या आकड्यांच्या मोजपट्टीवर, हिशेब शिकवला होता. सरकपट्टी आकडे देते, पण ते शेकडे की हजार, हे सांगत नाही. ते माणसाने आधी डोक्यात ठरवायचे असते. हे ज्याला ठाऊक होते, त्यानेच हा घोळ घातला होता.

शेवटी त्यांनी जिपारने बुधवारी संध्याकाळी घरी केलेल्या अभ्यासाचे पान उघडले. तिथे पाच अंदाज होते, पाचही नेमक्या उत्तराला चिकटून. प्रत्येकाच्या शेजारी, त्या वहीत पहिल्यांदाच, रबराची खोबण होती.

अगायांनी वही मिटली आणि टोपी घातली.

जिपारचे आजोबा शेराली गावातल्या मेंढ्या चारत; अगाय त्यांना बायके, म्हणजे दादा, म्हणत. ते नुकतेच कळप कोंडून आले होते.

"या, अगाय, या! पोरीनं खिडकी फोडली वाटतं शाळेची?"

"नाही, शेराली बायके. फोडलंय ते मी."

"मग आधी बसा तरी. उभ्या उभ्या कसली कबुली देता! जिपार, चहा ओत गं."

जिपारने पाव आणि साय पुढे ठेवली आणि चहा ओतला. अगायांची वाटी तिने काठोकाठ भरली.

शेरालींनी वाटीकडे पाहिले, मग नातीकडे. "अगं, पाहुण्याला अर्धी वाटी द्यायची असते, पुन्हा पुन्हा मागावीशी वाटावी म्हणून. ही तर भरून दिलीस. घालवून द्यायला निघालीस की काय?"

अगायांनी वाटी उचलली; चहा त्यांच्या बोटांवर सांडला.

"जिपार, काल तू 'पण वर' म्हणालीस. पुढं काय म्हणणार होतीस?"

"काही नाही. सहाशेच होतं."

"सहाशे कसे काढलेस?"

"आधी बेरीज करायची. मग ती शंभरात बसवायची. सगळे तसंच करतात." ती चटईकडे पाहत होती. "आणि त्यालाच तुम्ही बरोबरची खूण देता."

शेराली हसले. "कमालच आहे! आधीच मोजून झालं, तर अंदाज कशाला हवा? अगाय, मी खिंडीत दोन कळप एकत्र होताना बघतो. इकडं तीन शेकडे आणि शेपूट, तिकडं दोन शेकडे आणि शेपूट. शेकडे तोंडानं म्हणायचे, शेपटं डोळ्यांत ठेवायची. ही पोर पाच वर्षांची असल्यापासून करते."

"मग काल शेपटं केवढी होती, जिपार?" अगायांनी विचारले.

ती हळू आवाजात म्हणाली, "अठ्ठेचाळीस आणि सत्तेचाळीस. दोन्ही मोठी. पाचशे, आणि वर जवळजवळ आणखी एक शंभर. पंख्यात 'आणि वर'ची पट्टीच नाही, म्हणून तोंडानं सांगणार होते."

"तुझं बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच?"

"बाकीच्यांच्या पट्ट्या वर आल्या, तेव्हाच."

"मग मला 'बस खाली' का म्हणालात?"

अगायांनी शाळेतून येताना या प्रश्नाची दोन उत्तरे जुळवून आणली होती. दोन्ही नीट बांधलेली होती. ती त्यांना सांगवेनात.

"पाहुणे होते म्हणून," ते म्हणाले.

शेराली आता हसत नव्हते. जिपार उठून दुभत्या जनावरांकडे गेली. दुसरी वाटी ओतायला ती परत आली नाही; ती आजोबांनी ओतली. अर्धी.

शुक्रवारी पहिल्या तासाला अगाय फळ्यापुढे उभे राहिले, पण खडू त्यांनी घेतला नाही.

"बुधवारी जिपारचा अंदाज बरोबर होता. तुम्ही जे केलंत तो अंदाज नव्हता, आणि ते मला कळूनही मी तिला खाली बसवलं. तिला हसलात, त्यात मीही होतो."

एल्दोसचा चेहरा उतरला. "अगाय, म्हणजे आम्ही लबाडी केली का?"

"केलीत. पण ती शिकवली मी. जानेवारीपासून शिकवत होतो."

कोणी हसले नाही. अगायांनी एक पुठ्ठा वर केला: ७३१ - २६९. तीन मोजले आणि पुठ्ठा उलटा करून ठेवला.

माना खाली गेल्या, पण पाहायला आकडेच उरले नव्हते. मुले एकमेकांकडे पाहू लागली. जिपारने आधी अगायांकडे पाहिले, मग दाराकडे, जणू कोणी पाहुणे येत नाहीत ना याची खात्री करत होती. तिची पट्टी छातीइतकीच वर आली. चारशे.

"आणि?" अगायांनी विचारले.

"आणि वर. साठेक."

अगायांनी मान हलवली. मधल्या सुटीत ते कागद घेऊन रखिमांच्या टेबलापाशी गेले. चौथी ओळ त्यांनी पट्टी लावून खोडली.

"अहो, काय करताय काय?" रखिमा उठून उभ्या राहिल्या. "अकरा माणसं डोळ्यांनी बघून गेलीत! निवृत्तीच्या तोंडावर स्वतःचं नाक कापून घेताय, आणि शाळेचंही?"

"ही ओळ छापून गेली, रखिमा, तर प्रत्येक शाळेत एखाद्या जिपारला कुणीतरी खाली बसवेल."

"मग हा तास नमुना म्हणून जायचाच नाही."

"जाऊ नये," अगाय म्हणाले.

खोडलेल्या ओळीच्या वर त्यांनी आपल्या सरळ, आखीव अक्षरांत नवी ओळ लिहिली, खाली तारीख घातली आणि सही केली.

अंदाज : २८ पैकी १ बरोबर.