बूट कोण राखणार?

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर एकच ध्यास घेतला होता: पाहण्यासारखी दहा ठिकाणं. टूरवाल्याने चकचकीत कागदावर छापून दिलेली. बुद्धाचा देश आहे म्हणे, तिथे गेलं की मन शांत होतं म्हणे. अहो, ज्या माणसाचं मन स्वतःच्या घरात, पंख्याखाली, पोटभर जेवून शांत होत नाही, ते विमानात बसून काय डोंबल शांत होणार?

मी हो म्हटलं ते एकाच कारणासाठी. माझा थोरला भाऊ तिथे भिक्खू आहे. ऐन तारुण्यात घर सोडून गेला, तो गेलाच. आई गेली तेव्हासुद्धा आला नाही. आता कान गेलेत त्याचे, फोनवर काही ऐकू येत नाही. मला त्याच्यासमोर उभं राहून विचारायचं होतं, आईच्या वेळी कुठे होतास रे? एवढं विचारल्याशिवाय मला डोळे मिटायचे नव्हते.

त्याचा विहार यादीतल्या मोठ्या स्तूपाच्या पाठीमागच्या टेकडीवर. ह्यांना घरूनच सांगून ठेवलं होतं. "बघू," म्हणाले. लग्न झाल्यापासून हे "बघू" ऐकतेय. त्यातलं अजून काही बघितलेलं नाही.

तर टूर सुरू झाली. बसमधून उतरायचं, कंपनीचा फलक धरून फोटो काढायचा, दुकानात शिरायचं, बसमध्ये चढायचं. बुद्ध बिचारा मागे कुठेतरी, निम्मा फलकाआड. निजलेल्या बुद्धाची एवढी मोठी मूर्ती, चेहरा असा की बघत राहावं, आणि आमचे हे विचारतात काय, तर "किती फूट असेल हो?" सगळं सोडून दिलेल्या माणसाची मुंडकी प्रत्येकाने पिशव्या भरभरून घेतली. एक टीव्हीशेजारी, एक जावयाला, एक फ्रिजवर चिकटवायला. मोह सोडा म्हणाला होता ना तो? घ्या!

आतलं हे सगळं मी ऐकून सांगतेय बरं का. कारण मी आत गेलेच नाही. देवळात, स्तूपावर, सगळीकडे चपला बाहेर काढायच्या. आणि ह्यांचे बूट नवे, महागाचे. "तू जरा बस इथे बुटांपाशी," पहिल्याच दिवशी म्हणाले. मग बाकीच्यांनीही आपापली पायताणं माझ्यापुढे आणून टाकली. "काकू आहेत ना!" काकू होत्या. काकूंनी दहापैकी निम्म्या ठिकाणांची फक्त पायताणं पाहिली.

बसमध्येही तेच. ह्यांच्या शेजारच्या सीटवर कॅमेऱ्याची बॅग. मी एकटी शेवटच्या बाकावर, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. टूरवाला डोकी मोजत नसे, त्याला कंटाळा. दारात उभा राहून जोडप्यांची आडनावं पुकारायचा, आणि हे मान वर न करता, फोटो बघत, ओरडायचे, "दोघं!" मागे वळून बघायची पद्धत नव्हती.

मोठ्या स्तूपापाशी उतरलो तेव्हा मी टूरवाल्याला म्हटलं, "मला अर्धा तास द्या. मागच्या विहारात जाऊन येते."

"काकू, ते आपल्या कार्यक्रमात नाही."

"अगं, तिथे पाहण्यासारखं काय आहे?" हे म्हणाले.

"माझा भाऊ आहे."

ह्यांनी जरा विचार केला. मला वाटलं, विरघळले. तर खाली वाकून लेस सोडत म्हणाले, "अगं पण, बूट कोण राखणार?"

माझं डोकंच फिरलं. सगळे आत गेल्यावर ते बूट भिंतीला नीट टेकवून ठेवले, बाटल्यांची पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. मनात म्हटलं, उशीर झाला तर थांबतील. परक्या देशात बायकोला टाकून कोण जाईल?

वाट विचारत, थांबत थांबत चढून विहाराच्या फाटकाशी पोचते न पोचते तोच खालून हॉर्न ऐकू आला. वळून पाहिलं तर आमची बस चालली होती. सावकाश, रुबाबात, दहावं ठिकाण गाठायला. बूट जागेवर होते, म्हणजे बायकोही जागेवर असणार, असा हिशेब. मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, हसू आलं. मग मात्र रडूही आलं.

आत एक म्हातारा भिक्खू अंगण झाडत होता. वाकण्याची ढब आमच्या वडिलांची. मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि केरसुणी हातातून खालीच ठेवली.

"आई गेली तेव्हा कुठे होतास?" मी विचारलं. कशी आहेस, कसा आहेस, काही नाही.

त्याने कानाला हात लावला. "जोरात बोल."

इतकी वर्षं मनात घोळवलेला प्रश्न, तो मला बाजारात भाजीवाल्याला हाक मारावी तसा ओरडून विचारावा लागला. झाडाखालच्या दोन पाहुण्यांनी लगेच कॅमेरे वर केले. मेल्यांना तेही प्रेक्षणीयच!

"इथेच होतो," दादा म्हणाला. "निरोप मिळाला होता. पिशवी भरली, फाटकापर्यंत गेलो. तिला तसं बघायची हिंमत झाली नाही. परत येऊन बसलो."

"आणि मी? मी एकटीने केलं सगळं! शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती ती. दार वाजलं की म्हणायची, बघ गं, तो आला असेल."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं होतं, आता काहीतरी धर्माचं सांगेल, सगळं क्षणभंगुर वगैरे. तसं एक अक्षर जरी बोलला असता ना, तर तीच केरसुणी उचलली असती मी. पण नाही बोलला. म्हाताऱ्या माणसाला आवाज न करता रडता येत नाही, तसा मोठ्याने रडला.

"शांती तरी मिळाली का रे?" मी ओरडले.

"नाही गं," नाक पुसत म्हणाला. "अंगण मिळालं झाडायला."

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. किती वेळ, कोण जाणे. त्याला खोकल्याची उबळ आली, आणि तेवढ्यात फोन वाजला. आमचे हे.

"अगं, झोपलीस का मागे? पाण्याची बाटली पुढे पाठव ना."

क्षणभर मला कळेचना. मग कळलं. कुठल्या कुठे पोचले होते, आणि मी बसमध्ये नाही याचा अजून पत्ता नव्हता.

"मोजलंत ना मला?" मी म्हटलं. "मग असेन मागेच. हात लांब करा."

फोन बंद केला. बाटली काढून दादाच्या हातात दिली. तो घटाघटा प्यायला.

"तुला जायची घाई असेल," तो म्हणाला.

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की त्याला एकदाच सांगावं लागलं.