बुजवलेल्या फटी

नखाखाली अडकलेला तो काळपट दाणा काही केल्या निघेना... ऊर्मिलानं बोट चोखलं, थुंकली, तरी खरखर जिभेवर राहिलीच — आणि पन्हळीतून पाण्याबरोबर आणखी दाणे आले, मूठमूठभर. वर गॅरेजच्या छपरावर तिचा नवरा, श्रीधर, प्रेशर वॉशर मारत होता. शेवाळ काढतोय म्हणे! अरे बाबा, शेवाळ नाही, तू छपराचं कातडं सोलतोयस. या बिटुमेनच्या शिंगल्सवरचे, डांबरी कौलांवरचे, दाणे काय शोभेला लावलेत? ते गेले की ऊन थेट डांबरात शिरणार, तडे पाडणार. शेवाळ मऊ झाडूनं, हलक्या हातानं काढायचं, एवढं तर इथल्या बाऊमार्क्टमधलं, घरदुरुस्तीच्या दुकानातलं, कुणीही सांगेल. पण इंजिनिअरसाहेबांना सांगणार कोण?

"शिडी धर! झोपलीस का?"

तिनं शिडी धरली आणि डाव्या मनगटातून कळ थेट काखेपर्यंत गेली. गुरुवारी त्यानं ते पिरगळलं होतं, अगदी शांतपणे, "आल्झो, तर मग, परत सांग, काय म्हणालीस?" असं विचारत — आणि ती म्हणाली तरी काय होती? एवढंच, की जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला हे घर घेतल्यावर ऊब राहावी म्हणून तू गॅरेजच्या छपराच्या कडेच्या हवेच्या फटी फोमनं बुजवल्यास, त्यामुळे वाफ आतच कोंडतेय, छपराला खालून घाम फुटतोय. वीस वर्षं टिकणारं छप्पर सातव्या वर्षी गेलं ते पावसानं नाही, तुझ्या फोमनं. काढ तो, फटी मोकळ्या कर. झालं! मग मनगट. मग "मी काम करताना मध्ये बोलायचं नाही, कळलं?" मग जिन्यात उभी राहून बघणारी नऊ वर्षांची क्षमा, आणि आपल्या लेकीवर त्यानं उगारलेला हात... उगारलेला फक्त. या वेळी फक्त उगारलेला.

काल गॅरेजातून सायकल काढताना ऊर्मिलानं मान वर केली, तर उजव्या कोपऱ्यातल्या छपराखालच्या फळ्या काळ्याठिक्कर. स्टुलावर चढून तिनं बोट लावलं. बोट आत गेलं, ओल्या पावात जावं तसं.

त्याला हे ठाऊक नाही. मला ठाऊक आहे... फक्त मला.

डावी बाजू सोलून झाली. श्रीधर उजवीकडे वळला, आणि तिच्या डोक्यात फळी मोडलीसुद्धा — तो खाली गेला, काँक्रीटवर टाळकं आपटलं, गवत कापायच्या यंत्रावर पाठ मोडली, तोंडातून रक्त, त्या तोंडातून, ज्यातून... मर मेल्या! मर एकदाचा! ही मी? झुरळ मारायला दुसऱ्याला हाक मारणारी मी?

"श्रीधर, थांब! तिकडे फळ्या—"

त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मध्ये बोलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं गं तुला?"

वर खिडकीत क्षमा काचेला नाक लावून उभी होती. बापाकडे नाही, आईकडे बघत होती.

"बरं," ऊर्मिला म्हणाली.

पाण्याचा आवाज उजवीकडे सरकत होता. मनगट दुखत नव्हतं. सांगितल्याप्रमाणे तिनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती... अगदी शांतपणे.