नमुन्याची फाइल

"काका, त्या लाँड्रीवाल्या बाईंची फाइल पाठवून द्या यांना. नमुना म्हणून!" बिस्किटाचा अर्धा तुकडा तोंडात घोळवत साहेब म्हणाले.

समोर साबणाचा घाऊक व्यापारी बसला होता. त्याला आपलं गोदाम विकायचं होतं, आणि हे ऑफिस विक्रीची कागदपत्रं कशी तयार करतं ते आधी पाहायचं होतं.

"साहेब, बाईंचा व्यवहार अजून व्हायचाय," काका हळूच म्हणाले.

"मग नाव-गाव झाका की! बघा शेठ, हे काका म्हणजे आमची तिजोरी. हिची किल्ली आम्हालाच सापडत नाही." साहेब खो-खो हसले आणि टेबलभर चुरा उडाला. काकांनी नजर दुसरीकडे वळवली.

लाँड्री विकायला काढताना ताईंनी एकच अट घातली होती. सौदा पक्का होईपर्यंत कुठे ब्र निघता कामा नये. नवरा गेल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा त्यांची इस्त्रीची न् धुलाईची माणसं त्यांना धरून राहिली होती. नव्या मालकाकडून त्यांच्या नोकरीचा शब्द घ्यायचा आणि मग आपण स्वतः त्यांना सांगायचं, असं ताईंनी ठरवलं होतं.

गिऱ्हाइकांचे कागद ज्याचे त्याला पोचवणं हे काकांचं काम. प्रत्येकाला वेगळी लिंक, तिला पासवर्ड. तो मेलमध्ये लिहायचा नाही, फोन करून सांगायचा. काम झालं की लिंक बंद. कॉम्प्युटर ते उतारवयात शिकले होते, पण ही शिस्त त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाळली होती.

त्यांनी फाइलची प्रत काढली आणि एकेक नाव, एकेक आकडा बदलायला घेतला. निम्मं काम झालं तेव्हा ते डबा खायला उठले. परत येऊन पाहतात तो कीबोर्डाच्या खाचांत बिस्किटाचा भुगा आणि पडद्यावर अंगठ्याचा तेलकट ठसा. काकांना शिसारी आली. त्यांनी आधी फडकं घेऊन सगळं पुसलं. मग त्यांना दिसलं. त्यांच्याच मेलवरून ताईंची मूळ फाइल, कशावरही पडदा न टाकता, व्यापाऱ्याला गेली होती.

"तुम्ही कॉम्प्युटर उघडाच ठेवून गेलात," साहेब म्हणाले. "गोगलगाईसारखं काम करता! तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं."

काकांनी व्यापाऱ्याला फोन लावला. "शेठ, ती फाइल उघडू नका. तशीच पुसून टाका."

"अहो, पाहिली की! झकास बनवलीय. बाईंनी किंमत जरा चढीच लावलीय, नाही का?"

काका पुन्हा साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "ताईंना कळवायला हवं."

"झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. त्या शेठला काय पडलंय?"

संध्याकाळी काका घरी फोन हातात घेऊन बसले. बायको म्हणाली, "करायचा असेल तर करा एकदाचा. मघापासून नुसता कुरवाळताय त्याला!" त्यांनी फोन खाली ठेवला. आपलाच हात त्यांना चिकट वाटला. तो त्यांनी साबणानं धुतला, तरी वाटायचं ते वाटतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात उभ्या.

"आम्हाला साबण पुरवणाऱ्या शेठच्या माणसानं माझ्या इस्त्रीवाल्याला विचारलं, आता तू काम कुठे बघणार म्हणून. तो मला म्हणाला, 'बाई, आम्ही परके होतो का?' कुणी इस्त्री हातात घेत नाहीये. मी काय तोंड दाखवू त्यांना?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "ताई, काकांच्या हातून झालं. वय झालंय हो त्यांचं. मी सुनावलंय चांगलंच."

"मी पाठवली नाही, ताई," काका म्हणाले.

ताईंनी आपला फोन त्यांच्यापुढे धरला. व्यापाऱ्याकडून तो मेल त्यांनी मागवून घेतला होता. "मग हे नाव कुणाचं?"

"नाव माझंच आहे."

साहेब बिस्किटांचा पुडा चाचपत होते.

"कळलं कधी तुम्हाला?"

"काल दुपारी."

"मग काल दुपारपासून तुमचा फोन कुठे होता, काका?"

काकांनी खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला.

"माझे मूळ कागद द्या," ताई म्हणाल्या.

काका आतल्या कपाटाशी गेले. साहेब मागोमाग आले आणि कानाशी कुजबुजले, "घ्या हो सांभाळून. तुमच्या नावावर खपून जाईल. तुमचं काय जातंय?"

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ओला भुगा चिकटला होता.

"साहेब, तोंड पुसा," ते म्हणाले आणि कागद घेऊन बाहेर आले.

इतकी वर्षं काकांनी दिलेला कागद ताई न उघडता पिशवीत टाकायच्या. आज त्या खुर्चीवर बसल्या, त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पान दोन्ही बाजूंनी पाहायला सुरुवात केली. काका समोर उभे राहिले. पंख्याच्या वाऱ्यानं एक पान उचललं गेलं. सवयीनं काकांचा हात पुढे झाला, पण ताईंनी ते आधीच तळव्याखाली दाबलं होतं. काकांनी हात मागे घेतला आणि शेवटचं पान होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.