शास्त्रात गाढव, पिच्चरात घोडा

खोटं बोलला तू. पिच्चर काढनाऱ्या, तू कोन, कुठचा, मले मालूम नाई. मुंबईचा असशीन नाईतं मद्रासचा. पन सरासर खोटं बोलला. येशू त्या मोठ्या शहरात आला तो गाढवावर बसून. तू त्याले पांढऱ्या घोड्यावर बसवलं. काहून? गाढव दिसलं तं पब्लिक हासन म्हनून? मंग आयक आता. मी गाढवच बोलून राह्यलो.

केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात छप्पन साली माहा जन्म झाला. त्या सालच्या दसऱ्याले आमच्या मोहल्ल्यातले लोक नागपूरले गेलते, दीक्षा घेऊन बौद्ध होऊन आले. शकुबाईचं घर गेलं नाई. ती अन् अजून तीन-चार घरं आधीच येशूकडं गेलती. टिनाची एक छपरी, तेच त्यायचं देऊळ.

शकुबाई माही मालकीन. पांढरी माती इके. नाल्याकाठी माती खोदाची, माह्या पाठीवर गोन्या टाकाच्या, अन् "पांढरी मातीऽऽ" करत गावोगाव हिंडाचं. सनावाराले बाया भिती पोताले घेत. उतरनीले मी अडलो का तिची काडी बसे. शिव्या तं रोजच्याच. मानूस ज्याच्या पाठीवर जगते त्याचंच नाव घेऊन दुसऱ्याले शिवी देते, हे मी शिंगरू होतो तवाच शिकलो.

पन वर्षातून एक दिवस माहा होता. झावळ्यांचा रविवार, येशू गाढवावर बसून शहरात आला तो. त्या दिवशी शकुबाई मले नाल्यावर घासून धुवे, गूळ चारे, पाठीवर आपलं लगनातलं लुगडं टाके. तिचा पोरगा फुलचंद, लगन झालेला बाप्या मानूस, पांढरं धोतर नेसून येशू म्हनून माह्यावर बसे. बाकीचे शिंदीच्या झावळ्या हालवत, गानी म्हनत संगं चालत.

"देव गाढवावर बसला म्हनून मी त्याले धरलं," शकुबाई म्हने. "घोड्यावरचे देव आमच्या दारात कधी आलेच नाई."

चौकात मात्र लोक हासत. आपल्या इकडं गाढवावर कोनाले बसवते? चोराले. तोंड शेपटीकडं करते, गळ्यात खेटराची माळ घालते अन् गावभर फिरवते. "फुलचंद्याची धिंड निघाली रे!" असे पोट्टे बोंबलत. फुलचंद मान खाली घाले. त्याच्या मांड्या थरथरत, ते माह्या पाठीले समजे.

मंग बासष्ट साली जत्रेत टुरिंग टाकीज आली. तंबूत तुहा पिच्चर लागला. सारा गाव गेला, चौकातले हासनारे बी गेले. मी तंबूमांगं खुट्याले होतो. पडदा दिसे नाई, पन टापा आयकू आल्या. टपटप, टपटप. मी कान टवकारले. गाढवाच्या टापा अशा वाजतच नाई! अन् मंग टाळ्या पडल्या. तंबू हालला टाळ्यायनं.

फुलचंद बाहेर आला तं त्याचे डोळेच वेगळे.

"माय, घोडा होता व! पांढरा सफेत!"

"शास्त्रात गाढव हाय ना, बाप्पा. देवळातल्या पाळकायनं कितीकदा वाचून दाखवलं."

"एवढा पैसा लावून पिच्चर काढला, ते काय अडानी हायेत?"

"पैसा लावला म्हनून देवाचं जनावर बदलते काय रे?"

"तुले काय होते बोलाले! तू मांगून झावळी हालवतं. लोक मले हासते."

दोघं मले संगं घेऊनच पाळकाकडं गेले. पुंडलिकराव म्हनून पाळक होते, गरीब मानूस. त्यायनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं, वाचलं. गाढवच. पुस्तक मिटवलं अन् म्हने, "लिहेल तं गाढवच हाय, शकुबाई. पन साऱ्या तालुक्यानं पिच्चर पाह्यला. आता त्यायले घोडाच खरा वाटन. पोराचं मन नोको मोडू."

शकुबाईनं घरी येऊन मले उगाच दोन काड्या हानल्या.

पुढच्या साली फुलचंदनं पांढरकवड्याहून वरातीचा घोडा भाड्यानं आनला. मले कोनी धुतलं नाई. फुलचंद घोड्यावर चढला अन् ताठ बसला. इतका ताठ मी त्याले कधीच पाह्यलं नव्हतं. मले राग आलता, पन खरं सांगतो, शोभून दिसत होता.

शकुबाईनं मले खुट्यावरून सोडलं. "तुमी जा घोड्यासंगं. मी माह्या गाढवासंगं चालन," म्हने. दोरी धरून मले सगळ्यायच्या मांगं घेऊन निघाली.

चौकात त्या दिवशी कोनीच हासलं नाई. गावातला मोठा कास्तकार देवराव आडवा आला.

"घोडा कोनाले इचारून रे?"

"देवाचा घोडा हाय, दादा. पिच्चरात नाई पाह्यला तुमी?"

"पिच्चरात देव होता. तू कोन होय?"

पायाले धरून ओढला त्याले. तोंडात माती गेली. आमचेवाले झावळ्या टाकून पळाले. पुंडलिकराव हात जोडत राह्यले. तेवढ्यात कोनाची तरी नजर माह्यावर गेली.

"अबे, याची सवारी तं मांगंच उभी हाय!"

शकुबाईच्या हातातून दोरी हिसकली. फुलचंदले माह्यावर उलटा बसवला. "सोडा जी त्याले, बापहो, मी पाया पडतो तुमच्या," शकुबाई ओरडत होती. कोन आयकते! मी चारी पाय रोवले. मांगून तुराट्या बसल्या तरी रोवले. मंग कोनीतरी शेपूट पिळली, अन् चाललो. तीच वाट, तोच चौक. त्याच वाटेनं मी दर सालाले देवाले घेऊन जाओ. त्या दिवशी फुलचंदच्या मांड्या थरथरल्या नाई. मेल्याच्या लोंबतात तसे लोंबत होते पाय.

दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेला. बायकोले बी सांगून गेला नाई. शकुबाईनं देवळात जानं सोडलं, माती इकनं सोडलं. मी दिसलो का तोंड फिरवे. त्यापरीस मारलं असतं तं बरं होतं. मंग मले ढाणकीकडच्या एका इटभट्टीवाल्याले देऊन टाकलं. आता इटा वाहतो. पाठ सडली, माशा उठत नाई. झावळ्यांचा रविवार कधी येते, कधी जाते, पता लागत नाई. इथंच मरीन.

तू म्हनशीन, मारलं त्यायनं, माहा काय दोष? त्यायचे हात त्यायचेच होते, कबूल. घोडा नसता तं दुसरं काही काढलं असतं. पन सारा गाव तुह्या तंबूत बसून होता. देवराव बी होता म्हने, हात जोडून. तेवढ्या येळात त्यायले देव गाढवावर दिसला असता, तं एखाद्याले तरी चौकात हासाले जड गेलं असतं. तू ते बी होऊ देलं नाई. लोक सांगत, एवढे उंट जमा केले तू, एवढे भाले, एवढ्या ढाली. एक गाढव भेटलं नाई तुले?

तुहा पिच्चर अजून फिरून राह्यला. परवा भट्टीवरून गाडी गेली, भोंगा लावून, त्याचंच नाव ओरडत. फुलचंद वापस येत नाई. शकुबाईनं फिरवलेलं तोंड वळत नाई. ते काही तुह्यानं होत नाई.

जे होते ते कर. कैची घे अन् तो घोडा काढ तिथून.