ओबोला दिलेली उसंत

आता सांगा, सात महिने डोळे फोडून जिनं एका स्पॅनिश बॅलेचं सत्तर वादकांचं संगीत पाच फुंकवाद्यांवर आणून बसवलं, तिचंच नाव कार्यक्रमपत्रिकेवर नाही, याला काय म्हणायचं? 'मांडणी' या शब्दापुढं धाकट्या दिराचं नाव, तेही चांगलं ठसठशीत! दीर फ्लूट वाजवायचा आणि त्या पाच जणांचा म्होरक्या होता. वहिनीनं पत्रिका तालमीच्या खोलीच्या दारावरच वाचली आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, हे काय आहे?" आत जाऊन तिनं नवऱ्याला विचारलं. नवरा त्या पाचांतलं 'बसून' नावाचं लांबलचक, खर्जातलं वाद्य वाजवणारा, माणूस जन्माचा मिळमिळीत.

"जाऊ दे गं. घरातलंच नाव आहे ना?"

घरातलंच म्हणे!

"तुम्ही लिहून काढलंत, वहिनी, नाही कोण म्हणतंय?" दीर म्हणाला. "पण शेवटचा हात माझा फिरला. ओबोच्या ओळीत मध्येमध्ये रिकाम्या जागा राहिल्या होत्या, त्या मी भरल्या. नाच आहे तो, थांबून कसं चालेल?"

वहिनीनं ओबोवालीचं पान ओढून घेतलं आणि कपाळाला हात लावला. अरे शहाण्या, त्या जागा राहिल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या! मूळ बॅलेत ती धून व्हायोलिनं वाजवतात, त्यांना कुठं दम लागतो? ओबो पडला सनईच्या जातीचा, त्याचं दुखणंच वेगळं. त्याच्या चिमुकल्या पत्तीतून हवा जेमतेम जाते. छातीत शिळी हवा तुंबते, ती आधी सोडावी लागते, मग नवी घ्यायची. वहिनीनं स्वतः वीस वर्षं ओबो वाजवला होता. म्हणून दर दोन ओळींनी धून क्लॅरिनेटकडे सोपवून तिनं ओबोला उसंत दिली होती. सगळी अक्कल तिथंच तर खर्च झाली होती.

"वाजवून दाखवा हो," ती ओबोवालीला म्हणाली.

तिसऱ्या ओळीला ओबोवालीचा चेहरा लालबुंद झाला, चौथीला तिनं वाद्य मांडीवर ठेवलं आणि ती धापा टाकू लागली.

"सवय नाही, दुसरं काय," दीर म्हणाला.

"मग तुम्ही वाजवा ना, भाऊजी."

फ्लूटला तर हवा त्याहून जास्त लागते. दुसरी ओळ संपायच्या आत भाऊजींचा सूर फुस्स झाला. हॉर्नवाल्यानं खोकल्याचं निमित्त करून हसून घेतलं.

"बरं बाबा," दीर घाम पुसत म्हणाला, "खाली बारीक अक्षरात 'साहाय्य' म्हणून टाकू तुमचं नाव. झालं समाधान?"

साहाय्य! वहिनी एकेका स्टँडवरून पानं उचलायला लागली. क्लॅरिनेटवाल्यानं आपली मुकाट्यानं काढून दिली. नवऱ्यानं मात्र पानं छातीशी धरली.

"अगं, उद्या कार्यक्रम आहे. लोक विचारतील, बॅलेचं काय झालं?"

"सांगा, जिनं केलं होतं ती घेऊन गेली," वहिनी म्हणाली आणि तिनं त्याच्याही हातातली पानं काढून घेतली.