काचेतली हळद

कोऱ्हाळे बुद्रुकला गेणबा आबांच्या विहिरीवर सकाळी सातलाच रांग लागली होती. आबांच्या सोलरच्या काळ्या काचेत म्हणे देवी आली होती. कोपऱ्यापासून हळदीसारखा पिवळा डाग पसरत चालला होता. वीज बंद पडली होती, पण तिची फिकीर कुणाला!

"वीज आईनं पोटात घेतली! आता तेज तीर्थातनं मिळंल!" तात्याबा भगत गरजला. काचेवर तांब्याभर पाणी ओतायचं, खाली परातीत धरायचं आणि वाटीवाटीनं पाजायचं, असा त्याचा कारभार. देवीनं याला कधी नेमलं, असं मी विचारलं, तर गावानं सुनावलं, "मास्तर, रिटायर झालाय न्हवं? गप बसा."

आबांची सून सोनम सातव्या महिन्यात होती. सासू विजयमालाबाई आठ दिवस तिला तेच पाणी पाजत होत्या. मला राहवेना. पुण्यातल्या संशोधक स्वरदाला मी फोन केला. ही काच तिच्याच प्रयोगशाळेनं चाचणीसाठी बसवली होती.

स्वरदानं आल्या आल्या परातीतलं पाणी डब्यात ओतून झाकण घट्ट लावलं. गलका झाला. तिनं पिशवीतून दोन काळ्या चकत्या काढल्या. "हे पेरोव्हस्काइटचं सोलर. पातळ, स्वस्त, वीज भरपूर. पण ओल सोसत नाही. ते टिकावं म्हणूनच आमची खटपट चाललीय." एक चकती सीलबंद होती, दुसरी उघडी. तिनं दोन्हींवर थेंबभर पाणी टाकलं. उघडी बघता बघता पिवळी पडली, बंद काळीच राहिली.

काळी चकती पुढं करत तिनं विचारलं, "भगत, हिच्यात देवी का नाही आली?"

"कोपलीया!"

स्वरदानं काचेचा तडकलेला कोपरा दाखवला. "इथं काय आपटलं?"

"नारळ," आबा ओशाळले. "नवी वस्तू, नारळ नको फोडाया? तितंच फोडला."

"तिथूनच पाणी शिरलं. हा पिवळा डाग शिशाचा आहे, आबा. तो पाण्यात उतरतो. पोटातल्या बाळाला ते विष."

विजयमालाबाईंनी सोनमच्या हातातली वाटी हिसकावली आणि भगतापुढं धरली. "तुमी घ्या की. तुमाला एकदाबी पिताना पायलं न्हाय."

"आज माजा उपास हाय."

"आठ दिस?"

भगत चपला शोधू लागला.

बारामतीला सोनमचं रक्त तपासलं. शिसं निघालंच. वेळेत थांबलात, असं डॉक्टर म्हणाले. पण बाळाचं खात्रीनं काही सांगेनात. म्हणून हात जोडून सांगतो, देव माना, न माना. दुसऱ्याच्या पोटात काही घालण्याआधी ते कशाचं आहे, एवढं विचारा. आम्ही आठ दिवस उशिरा विचारलं.