तेवीस नंबरची चाल

कळंबच्या बसस्टँडमागे माझ्या अब्बांचं, इकबाल मेस्त्रींचं, फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. २०१७ च्या मे महिन्यात मी त्या दुकानासमोर कॅमेरा लावला. यवतमाळच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात माझं एम.टेक. चालू होतं आणि प्रकल्प होता माणसाला त्याच्या चालीवरून ओळखण्याचा. चेहरा झाकता येतो, चाल झाकता येत नाही, असं मी सरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. संगणक माणसाची नुसती आकृती उचलतो, काळ्यावर पांढरी. मग पाऊल किती लांब पडतं, गुडघा किती वाकतो, कंबर कुठे झुकते, हे सगळं मोजून लक्षात ठेवतो. अब्बांच्या चाळीस गिऱ्हाइकांना मी रस्त्यावरून चार-चारदा चालवलं आणि प्रत्येकाला एक नंबर दिला.

तेवीस नंबर शंकरसिंगचा. जवळच्या बंजारा तांड्यावरचा, पन्नाशीकडे झुकलेला. पंप एकाच खांद्यावर अडकवायची सवय, त्यामुळे रिकाम्या पाठीनेही तो उजवीकडे कलून चाले आणि डावा पाय बाहेर फेके.

"माह्ये पाय पाहून का करशीन, फरहाना?" त्याने विचारलं होतं.

"तुम्हाला कुठेही ओळखीन, काका."

त्या पावसाळ्यात कपाशी डोक्याच्या वर गेली आणि बोंडअळीच्या भीतीने लोक दोन-दोन औषधं मिसळून फवारू लागले. ऑगस्टमध्ये शंकरसिंगचा धाकटा भाऊ हिरासिंग त्याचा पंप घेऊन शेतात गेला. पंप गळत होता. औषधाने पाठ भिजली, तरी त्याने ओळी पुऱ्या केल्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जीव गेला. तशी माणसं त्या साली आमच्या भागात बरीच गेली.

दिवाळीच्या आधी शंकरसिंग घरातून निघाला तो परतलाच नाही. कालव्याच्या काठावर चपला सापडल्या. वर्षभर वाट पाहून तांड्याने त्याचं क्रियाकर्म उरकलं. बायको मानीबाईने दंडापर्यंतच्या चुड्या उतरवल्या.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी यवतमाळजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावर कॅमेरा लावला. तिथे रुईच्या धुळीमुळे सगळे मजूर तोंडाला दुपट्टा बांधतात, म्हणून ती जागा निवडली. त्यातलं कोणीच माझ्या चाळीसांत नव्हतं. तेव्हा प्रत्येकापुढे 'अनोळखी' असंच यायला हवं होतं, आणि येतही होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला पडद्यावर उमटलं, तेवीस.

चूक असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा तेवीस. मी शंकरसिंगची माहिती काढून टाकून सगळं नव्याने चालवलं, तर तो माणूस अनोळखी झाला. माहिती परत घातली, की तेवीस. मग मी फक्त आकृती पाहिली. चेहरा नाही, कपडे नाहीत, काळ्या पडद्यावर एक पांढरा माणूस उजवीकडे कलून डावा पाय बाहेर फेकत चाललेला. ज्याच्या क्रियाकर्माचं जेवण तांडा जेवून बसला होता, तो.

मी भर दुपारी प्रयोगशाळेचे दिवे लावले.

घरी अब्बांना सांगितलं. ते पंपाचा दांडा घासत होते. हात थांबला.

"कोणाले बोलली?"

"कोणालाच नाही."

त्यांनी दांडा खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या तांड्यावर जातो. मानीबाईले घेऊन येतो."

मानीबाई आली. मी लॅपटॉप पुढे केला. तिने पांढऱ्या आकृतीकडे नीट पाहिलं, पडद्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"याले तोंड काहून नाई?"

"चालच घेते मशीन, काकू. बाकी काही घेत नाही."

"पाय त्याचाच हाय," ती म्हणाली. रडली नाही.

तीन वाजता आम्ही तिघं फाटकाबाहेर उभे होतो. मजूर बाहेर पडू लागले, भुवयांवर रुई, तोंडावर दुपट्टे. तो शेवटी आला. कलता खांदा मी लांबूनच ओळखला. मग त्याची नजर मानीबाईवर गेली आणि तो जागीच थांबला.

पुन्हा चालू लागला तेव्हा चाल वेगळी होती. खांदे सरळ, पावलं छोटी आणि भराभर, टाचा जेमतेम टेकणाऱ्या, पोरसवदा. माझ्या हातातल्या पडद्यावर आलं, अनोळखी. वेष बदललेला माणूस मी पाहिला होता. अंगातली चाल काढून दुसरी घातलेला माणूस कधी पाहिला नव्हता.

मानीबाईने माझं मनगट धरलं. "अशी चाल हिराची होती. डिट्टो हिराची."

तो समोरून गेला. ती धावत त्याच्या आडवी झाली. "पुष्पाच्या बा," तिने लेकीच्या नावाने हाक मारली.

"तो मेला," दुपट्ट्याआडून आवाज आला. "मी हिरा हाय."

"हिराले ह्या हातानं शेवटची आंघोळ घातली मी. मले नको सांगू."

तो बाजूने निघायला लागला. तेव्हा अब्बा पुढे झाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "शंकरभाऊ, पंप तू माह्याकडं आणलता. वायसर फाटलं होतं अन् माह्यापाशी नवं नव्हतं. मीच म्हणलं, दोन दिवस चालवून घे. दीड वर्ष झालं. मी कोणाले बोललो नाई. माह्या पोरीलेही नाई."

मी अब्बांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"मले मालूम होतं गळते म्हणून," शंकरसिंग म्हणाला. "तरी त्याच्या पाठीवर मीच चढवला." आणि तो रस्त्याच्या कडेला, रुईच्या कचऱ्यात, खाली बसला. मानीबाई त्याच्या शेजारी बसली. अब्बाही बसले. मी कॅमेरा काढून पिशवीत भरला.

होळीच्या आठवड्यात तो घरी आला. तांड्याच्या लोकांना कुठे पाहावं ते कळेना, पण कोणी हाकललं नाही. मानीबाईने चुड्या पुन्हा चढवल्या. अब्बांनी पंप दुरुस्ती बंद केली आणि आता सायकलीच करतात. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं बोललेलो नाही.

एप्रिलमध्ये मी तांड्यावर गेले. शंकरसिंग विहिरीवरून पाणी आणत होता. सरळ खांदे, छोटी भराभर पावलं. घरी कोणी परकं नव्हतं, कोणापासून लपायचं नव्हतं, तरी तीच चाल.

"जुनी चाल येतच नाई त्याले आता," मानीबाई हळूच म्हणाली. "मी पाहून राह्यली रोज."

ओसरीवर दोघा भावांची आई, तानाबाई, बसली होती. तिला काही वर्षांपासून दिसत नाही. अंगणातली पावलं ऐकून तिने मान वर केली, तोंड उजळलं, आणि तिने आपल्या गोरबोलीत विचारलं, हिरा, आलास का.

शंकरसिंगने हंडा खाली ठेवला.

"हो, याडी," तो आईला म्हणाला, आणि तिच्यासाठी तांब्या भरू लागला.